नेत्यांच्या कारकिर्दी आणि आपला सीमाभाग: वाचकांचे प्रश्न

जानेवारी तोंडावर आला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, पाठोपाठ शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा, मग स्नेहसंमेलनं. यंदाही बहुतेक पत्रांत राष्ट्रीय नेत्यांबद्दल विचारलं आहे: हे आपल्याकडचे होते का, किती वेळा निवडून आले, कोणत्या खात्याचे मंत्री होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (खानापूर तालुका): मुलीला बॅ. नाथ पैंवर पाच मिनिटं बोलायचं आहे. शेजारचे काका सांगायलेत, नाथ पै बेळगावचे खासदार होते. गुरुजी म्हणतात, कोकणातले. नक्की काय? आणि संसदेत त्यांनी नेमकं काय केलं, ते लहान पोरीला सांगता येईल असं लिहा.

उत्तर: गुरुजींचं बरोबर आहे. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पक्ष प्रजा समाजवादी. जन्म २५ सप्टेंबर १९२२, वेंगुर्ले. बेळगाव मतदारसंघातून ते कधीच उभे राहिले नाहीत. काकांची गफलत का होते, तेही समजण्यासारखं आहे. नाथ पै इथं शिकले, सीमाप्रश्न संसदेत आणि बाहेर आपला म्हणून मांडत राहिले आणि त्यांचा शेवटही बेळगावातच झाला. १९७१ साली हुतात्मा दिनासाठी ते इथं आले होते. १८ जानेवारीला हृदयविकारानं गेले. वय अवघं ४८.

इथं एक बारकावा आहे, तो परीक्षकाच्या कानाला लागेल. चौथी लोकसभा २७ डिसेंबर १९७० लाच विसर्जित झाली होती. म्हणजे मृत्यूच्या दिवशी ते 'विद्यमान खासदार' नव्हते, मार्चमधल्या निवडणुकीच्या तोंडावर गेले. भाषणात 'खासदार असतानाच निधन' असं वाक्य बऱ्याचदा येतं, ते टाळावं.

आता संसदेतलं काम. मुलीनं एकच गोष्ट नीट सांगावी, ती म्हणजे त्यांचं घटनादुरुस्ती विधेयक. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच असा निसटता कौल: मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. निकालाला दोन महिनेही झाले नसतील, एप्रिलमध्ये नाथ पैंनी लोकसभेत विधेयक मांडलं. घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या संसदेकडं असला पाहिजे, हे त्याचं सूत्र. मांडणारा विरोधी बाकावरचा, विधेयक खासगी, आणि तरी ते संयुक्त समितीकडं गेलं, त्यावर देशभर चर्चा झाली. घटनातज्ज्ञ आजही ते 'नाथ पै विधेयक' म्हणूनच ओळखतात.

ते मंजूर का झालं नाही? खासगी विधेयकांना शुक्रवारी दुपारचे अडीच तास मिळतात. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतंही लागतात. शुक्रवारी दुपारी खासदार आपापल्या गावच्या गाड्या पकडायला निघालेले असतात, त्या वेळी एवढी हजेरी जमवणं फार अवघड. शेवटी लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर संपलं. स्वातंत्र्यानंतर आजवर जेमतेम १४ खासगी विधेयकं कायद्यात उतरली, त्यांतलं शेवटचं १९७० सालचं.

पुढं काय झालं, हे सांगितल्याशिवाय मात्र भाषण अर्धं राहील. नाथ पै गेल्यावर दहा महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर १९७१ रोजी, सरकारनं आणलेली चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि त्यांच्या विधेयकाचा गाभा घटनेत गेला. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली, पण 'घटनेच्या मूळ चौकटीला धक्का लावता येणार नाही' अशी मर्यादा घातली. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. केशवानंद भारती हे केरळातल्या मठाचे स्वामी. खटला त्यांच्या नावानं ओळखला जातो. स्पर्धेत 'भारती' हे बाईचं नाव समजून बोलणारी मुलं सापडतात, तेवढं सांभाळा.

मापाचं बोलायचं तर पाच मिनिटांत साडेपाचशे ते सहाशे शब्द बसतात. जन्म-शिक्षण शंभर शब्दांत उरका, विधेयकाला तीनशे द्या, बाकी बेळगावच्या शेवटच्या दिवसाला. तारखा चारच्या वर नकोत. पोर अडखळते आणि ऐकणाऱ्याचाही गोंधळ होतो.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आजोबा म्हणायचे, यशवंतराव चव्हाण आपले मुख्यमंत्री होते. १९५६ आधी बेळगाव मुंबई राज्यात होतं म्हणजे ते खरं असणार. बरोबर ना?

उत्तर: अगदी एका दिवसानं हुकलं. यशवंतराव १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तेव्हाच कोल्हापुराला जोडला गेला. ३१ ऑक्टोबरपर्यंत बेळगावचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते, १ नोव्हेंबरपासून एस. निजलिंगप्पा. यशवंतराव मोरारजींच्या मंत्रिमंडळात मंत्री होते, त्यामुळे 'आपल्या राज्याचे मंत्री' एवढं आजोबांचं म्हणणं खरं धरता येतं. मुख्यमंत्री मात्र चंदगडचे, बेळगावचे नव्हेत.

मोरारजींचं १९५२ चं हे मंत्रिमंडळ लक्षात ठेवा. पुढच्या उत्तरातही ते येणार आहे. या निवडणुकीत खुद्द मोरारजी बलसाडहून १९ मतांनी पडले होते आणि पोटनिवडणुकीनं सभागृहात आले.

यशवंतरावांची पुढची वाट वर्षानुसार अशी: नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या आक्रमणानंतर कृष्ण मेनन यांच्या जागी, संरक्षणमंत्री. १९६६ ला गृह, १९७० ला अर्थ, १९७४ ला परराष्ट्र व्यवहार. १९७७ च्या पराभवानंतर लोकसभेत विरोधी पक्षनेते. १९७९ ला उपपंतप्रधान. १९८२ ला आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत निधन.

'खासदार नसताना संरक्षणमंत्री कसे झाले?' हा प्रश्न दोघा विद्यार्थ्यांनी वेगळा विचारला आहे. घटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाच्या पाचव्या कलमात त्याचं उत्तर आहे: सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री होऊ शकते, पण सलग सहा महिन्यांत निवडून आली नाही तर पद जातं. यशवंतराव नाशिकच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले.

१९७९ चा टप्पा समजावून घेताना बहुतेक जण अडकतात, कारण सगळीकडं नुसतं 'काँग्रेस' लिहिलेलं असतं. जानेवारी १९७८ मध्ये इंदिराजींनी वेगळी काँग्रेस काढली. यशवंतराव दुसऱ्या बाजूला राहिले. जुलै १९७९ मध्ये त्यांनीच मोरारजींच्या जनता सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. मतदानाआधीच, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. मग चरणसिंगांच्या सरकारात यशवंतराव उपपंतप्रधान झाले. ज्यांच्या हाताखाली २७ वर्षांपूर्वी मंत्री होते, त्यांच्याच सरकारविरुद्धचा ठराव त्यांच्या नावावर आहे. इंदिराजींच्या पक्षात ते १९८१ ला परतले.

प्रश्न (अथणी): बी. डी. जत्ती राष्ट्रपती होते की नव्हते? सामान्यज्ञानाच्या पुस्तकात यादीत नाव नाही, आणि जमखंडीकडची माणसं 'आमचे राष्ट्रपती' म्हणून सांगतात.

उत्तर: ते कार्यवाहक राष्ट्रपती होते, ११ फेब्रुवारी ते २५ जुलै १९७७. फक्रुद्दीन अली अहमद पदावर असतानाच वारले, तेव्हा घटनेच्या ६५ व्या अनुच्छेदानुसार उपराष्ट्रपती जत्तींकडं राष्ट्रपतिपदाची सगळी कामं आली. निवडून आलेले राष्ट्रपती तेवढेच क्रमानं मोजले जातात, म्हणून पुस्तकाच्या यादीत पाचवे अहमद आणि सहावे नीलम संजीव रेड्डी. अधिकार मात्र पूर्ण राष्ट्रपतीचे असतात, पगार आणि भत्तेही तेच. राष्ट्रपतीची जागा मृत्यूनं रिकामी झाली तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते. तशी ती झाली आणि २५ जुलैला रेड्डींनी शपथ घेतली.

जत्तींची कारकीर्द आपल्या भागानं मुळातून वाचावी अशी आहे. जन्म १० सप्टेंबर १९१२, सावळगी. हे गाव पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातलं, नंतर विजापूर जिल्ह्यातलं आणि आता बागलकोट जिल्ह्यातलं. शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात, कायद्याचं शिक्षणही कोल्हापुरातच. संस्थानात आधी मंत्री, मग मुख्यमंत्री. ८ मार्च १९४८ ला जमखंडी मुंबई राज्यात विलीन झाली. त्यानंतर बाळासाहेब खेरांचे संसदीय सचिव, आणि १९५२ च्या मोरारजी मंत्रिमंडळात आरोग्य व कामगार खात्याचे उपमंत्री. पुनर्रचनेनंतर त्यांचा भाग म्हैसूरमध्ये गेला आणि १९५८ ते १९६२ ते म्हैसूरचे मुख्यमंत्री होते. पुढं पुदुच्चेरीचे नायब राज्यपाल, ओडिशाचे राज्यपाल, १९७४ ला उपराष्ट्रपती. संस्थान, मुंबई आणि म्हैसूर अशा तीन राजवटींत पद भूषवलेला, मराठी आणि कन्नड दोन्हींच्या वातावरणात घडलेला हा माणूस. सीमेच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्याकडं जेवढं लक्ष द्यायला हवं होतं, तेवढं दिलेलं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

२४ मार्च १९७७ ला मोरारजी पंतप्रधान झाले, तेव्हा शपथ दिली जत्तींनी. मुंबईच्या मंत्रिमंडळातले मुख्यमंत्री आणि त्यांचे उपमंत्री, पंचवीस वर्षांनी जागा बदलून समोरासमोर! आणि महिन्याभरातच वादाचा प्रसंग आला. जनता सरकारनं नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायचं ठरवलं. जत्तींनी सहीला वेळ घेतला, राजधानीत कुजबुज सुरू झाली. अखेर ३० एप्रिलला त्यांनी सही केली. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे हे बेचाळिसाव्या दुरुस्तीनं १९७६ मध्ये घटनेतच लिहिलं होतं. 'फेरविचारासाठी एकदा परत पाठवा' ही मुभा चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं नंतर, १९७८ ला आली. जत्तींच्या हातात ती नव्हती. म्हणून त्यांनी वेळ का घेतला आणि शेवटी सही का केली, या दोन्हींचा विचार त्या वर्षीच्या घटनेवरूनच करायला हवा, आजच्या नव्हे.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): महाजन आयोगाचे महाजन मराठी होते, तरी त्यांनी बेळगाव दिलं नाही, असं एका सभेत ऐकलं. खरं काय?

उत्तर: आडनावावरून झालेला गैरसमज. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन कांगड्याचे, म्हणजे आजच्या हिमाचल प्रदेशातले. जन्म २३ डिसेंबर १८८९. राजकारणाशी त्यांचा संबंध एकदाच आला, पण तो फार मोठ्या प्रसंगात. ऑक्टोबर १९४७ मध्ये ते जम्मू-काश्मीर संस्थानाचे पंतप्रधान होते. महाराजा हरिसिंगांनी २६ ऑक्टोबरला विलीनीकरणावर सही केली ती त्यांच्याच काळात. त्याआधी काही महिने ते रॅडक्लिफ यांच्या पंजाब सीमा आयोगावर सदस्य होते. मग सर्वोच्च न्यायालयात आले आणि १९५४ साली भारताचे तिसरे सरन्यायाधीश झाले. ४ जानेवारी ते २२ डिसेंबर, वयाची ६५ भरेपर्यंत. सीमेच्या कामाचा अनुभव असलेला निवृत्त सरन्यायाधीश म्हणून त्यांची निवड झाली.

सेनापती बापटांच्या उपोषणानंतर २५ ऑक्टोबर १९६६ ला आयोग नेमला गेला, अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. महाराष्ट्राला २६४ गावं, म्हैसूरला २४७ गावं, बेळगाव शहर म्हैसूरमध्येच. महाराष्ट्रानं तो फेटाळला, कर्नाटक तो जसाच्या तसा लागू करा म्हणतं. अहवाल सादर करून चारच महिन्यांत, डिसेंबर १९६७ मध्ये, महाजन वारले.

सभेत बोलताना आणखी एक चूक होते: 'महाजन आयोगाचा निवाडा'. तो निवाडा नव्हता, शिफारस होती. राज्याची हद्द बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानं फक्त संसदेला आहे. म्हणून एखादा अहवाल येऊनही सीमा तसूभर सरकत नाही, जोवर कायदा होत नाही. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो १३१ व्या अनुच्छेदाखाली. राज्याराज्यांतले तंटे थेट त्याच न्यायालयात चालतात.

याच संदर्भात ज्यांचं नाव घेतलं जातं ते हरी विनायक पाटसकर मात्र मराठी होते. जन्म इंदापूरचा, नेहरूंच्या सरकारात कायद्याचं खातं, हिंदू वारसा कायदा संसदेतून पार नेण्यात मोठा वाटा, नंतर मध्य प्रदेशचे राज्यपाल. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी त्यांनी तीन कसोट्या वापरल्या: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या. त्यावरून १९५९ ला संसदेनं कायदाही केला. महाराष्ट्र आपल्या मागणीत 'पाटसकर सूत्र' म्हणतं ते हेच. सीमाभागातल्या प्रत्येकाला तीन कसोट्या तोंडपाठ असाव्यात, कारण वाद घालताना 'तालुका' आणि 'खेडं' यांतला फरक सुटला की मुद्दाच हातातून जातो.

प्रश्न (टिळकवाडी): गांधीजी एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि तेही आपल्या बेळगावात, हे खरं आहे का? लोकमान्य टिळक किती वेळा अध्यक्ष होते?

उत्तर: पहिलं खरं. २६ आणि २७ डिसेंबर १९२४, काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन. आदल्या वर्षी काकीनाड्याला मौलाना मोहम्मद अली अध्यक्ष होते, पुढल्या वर्षी कानपूरला सरोजिनी नायडू. गांधीजींना १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली होती. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत सुटका. बेळगावची सगळी व्यवस्था हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी उभी केली. पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही तुमच्याच टिळकवाडीत आहे, 'काँग्रेस विहीर'.

अधिवेशनात झालं काय, हे मात्र स्मरणिकांत फारसं येत नाही. कायदेमंडळात जायचं की बहिष्कार घालायचा, यावरून काँग्रेसमध्ये दोन तट होते. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्याशी झालेल्या कराराला बेळगावात मान्यता मिळाली: कायदेमंडळाचं काम स्वराज्य पक्षानं बघायचं. बदल्यात गांधीजींची सुताची अट आली. सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी दरमहा २,००० वार सूत. स्वतः काता किंवा दुसऱ्याकडून कातवून द्या. २,००० वार म्हणजे जवळजवळ १,८३० मीटर. सवय नसलेल्या हाताला ताशी दोनशे-अडीचशे वार निघालं तरी महिन्याचे आठ-दहा तास त्यात जातात, आणि धागा सारखा तुटला तर त्याहून जास्त. साहजिकच अट टिकली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत पैशाचा पर्याय परत आला.

टिळक एकदाही अध्यक्ष झाले नाहीत. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली होती, पण ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि मदनमोहन मालवीय अध्यक्षस्थानी बसले. बेळगावचं टिळकांशी नातं दुसऱ्या कारणानं आहे: एप्रिल १९१६ मध्ये त्यांच्या होमरूल लीगची स्थापना इथं झाली. ॲनी बेझंट यांची लीग त्यानंतर, सप्टेंबरमध्ये. दोन्ही लीग एकच समजून लिहू नका.

प्रश्न (निपाणी): डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीला आले होते, हे आम्हाला ठाऊक आहे. ते लोकसभेत किती वेळा निवडून आले?

उत्तर: एकदाही नाही, आणि हे ठासून सांगितलं पाहिजे, कारण त्यामुळं त्यांचं काम किती कठीण परिस्थितीत उभं राहिलं ते कळतं. निपाणीला ते एप्रिल १९२५ मध्ये आले, मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी. पुढं मुंबई कायदेमंडळ, १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री. घटना समितीत ते १९४६ ला बंगालमधून निवडून आले. फाळणीनं ती जागा गेली, तेव्हा मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या जागी १९४७ मध्ये मुंबईतून आले. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर कायदामंत्रिपदाचा राजीनामा. १९५२ ला उत्तर मुंबईत पराभव, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभव. १९५२ पासून अखेरपर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते.

प्रश्न (चिकोडी, गोकाक आणि नंदगड येथून): १) आपल्या जिल्ह्यातून केंद्रात कोण मंत्री झाले? २) नेत्यांची माहिती खरी की खोटी हे घरबसल्या तपासायचं कसं? मोबाईलवर आलेल्या माहितीत दर वेळी वेगळा आकडा असतो.

उत्तर: पहिल्याचं थोडक्यात. चिकोडीहून बी. शंकरानंद १९६७ ते १९९१ सलग सात निवडणुका जिंकले. आरोग्य, जलसंपदा, कायदा, पेट्रोलियम अशी खाती सांभाळली, आणि बोफोर्सच्या संयुक्त संसदीय समितीचे अध्यक्षही तेच. १९९६ ला चिकोडीतूनच आलेल्या रत्नमाला सवणूर राज्यमंत्री झाल्या. बेळगावहून बाबागौडा पाटील वाजपेयी सरकारात राज्यमंत्री, आणि सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री. अंगडी चार वेळा खासदार, २३ सप्टेंबर २०२० ला मंत्रिपदावर असताना दिल्लीत कोविडनं वारले.

दुसऱ्याला जरा सविस्तर लिहावं लागेल. आधी वहीच्या आडव्या पानावर सहा रकाने आखा: केव्हापासून, केव्हापर्यंत, पद, कुठून निवडून, त्या दिवशीचं पक्षाचं नाव, कोणाच्या मंत्रिमंडळात. एखादा रकाना रिकामा राहिला की नेमकं काय शोधायचं ते आपोआप कळतं. मग लोकसभेच्या आणि राज्यसभेच्या संकेतस्थळावर सदस्याचा परिचय बघा. हा परिचय सदस्यानं स्वतः दिलेल्या माहितीवरून केलेला असतो. पदं आणि सभागृहातल्या मुदती त्यावरून घ्यायला हरकत नाही, बाकी गोष्टी दुसरीकडं पडताळाव्यात. भाषणं हवी असतील तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात चर्चेचे जुने खंड मिळतात. तारीख माहीत असेल तर तासाभरात पान सापडतं, नसेल तर दिवस जातो.

मतांचे आकडे निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात, १९५१-५२ पासूनचे, मतदारसंघवार. इथं एक खड्डा आहे: सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणुका नसतात. त्यामुळं आंबेडकरांचा भंडारा किंवा यशवंतरावांचं नाशिक त्यात शोधून सापडत नाही आणि मुलं 'असं काही झालंच नाही' असं लिहून मोकळी होतात.

दुसरा खड्डा नावांचा. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. वेंगुर्ले नाथ पैंच्या हयातीत रत्नागिरी जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग १९८१ चा. यशवंतरावांचं देवराष्ट्रे त्यांच्या जन्मावेळी साताऱ्यात, आज सांगलीत. राजापूर मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेनंतर राहिलाच नाही, आणि चिकोडी तोपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. म्हणून जुन्या नोंदीतलं नाव तसंच लिहावं आणि पुढं 'आताचा अमुक जिल्हा' एवढं जोडावं.

तिसरा खड्डा पदांचा. कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री आणि उपमंत्री या तीन वेगळ्या पायऱ्या; राज्यमंत्र्याकडं स्वतंत्र कार्यभार आहे की नाही, हेही बघावं. मोबाईलवरच्या मजकुरात सगळेच 'केंद्रीय मंत्री' असतात. आणि 'पाचव्यांदा खासदार' आणि 'पाचव्या लोकसभेचे खासदार' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाचवी लोकसभा १९७१ ची. आणीबाणीत तिची मुदत वाढवल्यानं ती पाच वर्षांहून जास्त, जानेवारी १९७७ पर्यंत चालली. वर्षांची वजाबाकी करून मुदत काढणारे इथं हमखास चुकतात.

प्रश्न (येळ्ळूर): रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या बाकाला गादी मधू दंडवत्यांनी लावली म्हणतात. कोकण रेल्वेही त्यांनीच सुरू केली का?

उत्तर: गादीचं खरं आहे. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते. तोवर दुसऱ्या वर्गात नुसत्या लाकडी फळ्या होत्या; त्यांवर दोन इंच फोमचं आवरण घालायचा निर्णय त्यांचा. दोन इंच ऐकायला कमी वाटतात, पण मुंबईहून हावड्यापर्यंत फळीवर पाठ टेकून गेलेल्या माणसाला ते पुरतं कळतं. याच काळात, २६ डिसेंबर १९७७ ला, पहिला वर्गच नसलेली गीतांजली एक्सप्रेस धावू लागली. दंडवते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. नाथ पैंच्या नंतर १९७१ पासून राजापूरहून सलग पाच वेळा निवडून आले.

कोकण रेल्वेचं श्रेय वाटून द्यावं लागतं. रेल्वेमंत्री असताना त्यांच्या काळात आपटा-रोहा टप्प्याला मंजुरी मिळाली. महामंडळ स्थापन झालं १९९० मध्ये; त्या वेळी रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि दंडवते अर्थमंत्री. संपूर्ण मार्गावर गाडी धावली २६ जानेवारी १९९८ ला, तेव्हा दोघांपैकी कोणीच त्या पदावर नव्हतं. मागणी संसदेत लावून धरणाऱ्यांत नाथ पै होते, तेही लिहायला विसरू नका.